ठशांची तारीख

२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या त्या दमलेल्या हृदयालाही एक वेगळा नमस्कार.

टिल्लूने मागच्या महिन्यात माझा प्रवासाचा अर्ज भरून पाठवला. तुम्ही विचारलं होतं की तिकीट काढायचं आणि विमानात बसायचं, त्यात एवढं काय अडतंय, म्हणून सविस्तर लिहिते. इथे कायमचं राहण्याचा माझा अर्ज अजून लोंबकळतोच आहे. तो मंजूर व्हायच्या आत मी देशाबाहेर पाऊल टाकलं, तर मागे दार बंद. ते उघडं राहावं म्हणून प्रवासाचा एक कागद काढावा लागतो. आणि तो हवा तर आधी त्यांच्या केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. त्याची तारीख टिल्लूच्या कॉम्प्युटरवर येते. ती आली, सव्वीस फेब्रुवारी. ठसे दिले की तीन आठवड्यांत कागद, आणि कागद आला की मी तुमच्या दारात.

फोन करत नाही म्हणून रुसू नका. हे घर म्हणजे दोन खोल्या आणि पुठ्ठ्यासारख्या भिंती. मी स्वयंपाकघरात खोकले तर सून बाहेरच्या खोलीतून पाणी घेऊन येते. अशा घरात तुमच्या ऑपरेशनबद्दल फोनवर काय बोलणार? दुपारी घर रिकामं असतं, तर तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र. टिल्लूला कळू द्यायचं नाही ही तुमची अट, आणि मी ती पाळते आहे. त्याला सांगितलंय, घर बघते, तुझ्या आत्याला भेटते, चार दिवस राहते. तो बरं म्हणाला आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला.

मी आवराआवरीला लागले आहे. तो माझा जाड कोट शेजारीणबाईंना देऊन टाकला. त्या बस चालवतात, सकाळच्या पहिल्या फेरीला थंडीने काकडत जातात. तुमच्याकडच्या उकाड्यात मला कोट कशाला? टिल्लू म्हणाला, कोट दिलास? मी म्हटलं, दिला. विषय संपला.

औषधं वेळेवर घ्या. घेतली असं नुसतं लिहू नका.

तुमची वहिनी


१४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हृदयाला नमस्कार पोचवला. त्याने उत्तर दिलं नाही, त्याची एक झडप नीट मिटत नाही म्हणून ते सध्या कुणाशीच नीट बोलत नाही.

काल हॉस्पिटलात गेले होते. जिथे जन्मभर तारखा देण्याच्या खिडकीत बसले, त्याच खिडकीबाहेर रांगेत उभी राहिले. आत आता मीच शिकवून तयार केलेली मुलगी बसते. मला बघून ती उठूनच उभी राहिली. मी दटावलं, म्हटलं बस खाली, आधी पुढच्या बाईंचं बघ. तिने मला पाच एप्रिलची तारीख दिली आहे. डॉक्टर म्हणाले की याहून लांबवू नका. मी मान हलवली.

पण माझं पक्कं आहे, तू आल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही. मोठं काम आहे, छाती उघडतात. दादाच्या वेळी आपण दोघी बाहेरच्या बाकावर होतो. तू नवऱ्यासाठी रडत होतीस, मी भावासाठी, आणि तरीही पाण्याची बाटली कुणी आणायची यावरून आपलं वाजलं होतं. माझ्या वेळी मी आत आणि बाहेर बाक रिकामा, हे मला सोसणार नाही. हवं तर घाबरट म्हण.

टिल्लूला अजिबात सांगू नकोस. दादा आजारी पडला तेव्हा पोरगा हातातली नोकरी टाकून धावत आला होता. मग दोन वर्षं उंबरठे झिजवत फिरला. आता कुठे त्याची घडी बसते आहे, ती माझ्या एका झडपेसाठी विस्कटायची नाही.

गोळ्या घेतल्या. खरंच घेतल्या.

तुझी
नणंद


१ मार्च

प्रिय वन्सं,

ठसे झाले नाहीत. सव्वीस तारखेला मी आंघोळ करून, हात स्वच्छ धुऊन, नखं कापून तयार बसले होते. सुनेने हाताला क्रीमसुद्धा लावून दिलं. आणि टिल्लू ऑफिसातून आला तो म्हणाला, आई, तारीख बदलली, त्यांच्याकडे गर्दी आहे. आता वीस मार्च.

माझा चेहरा पडला असणार, कारण त्याने लगेच माझ्यासाठी चहा केला. पोरगा सध्या फार जपतो मला. परवा नातीच्या शाळेत नेलं, रविवारी तळ्यावर नेलं. माझ्यासाठी नवीन उशी आणली. सारखं विचारतो, तुला इथे बरं वाटतं ना? मी म्हणते, वाटतं रे बाबा. वाटतंही. पण दुपारी घरात कुणी नसलं की मी खिडकीशी बसते, आणि समोरच्या इमारतीत कुणाच्या खिडकीत कोण आहे ते मोजते. तुम्ही असता तर निदान भांडायला कुणी असतं.

वीस मार्चला ठसे दिले तर पाच एप्रिल गाठता येईल का? तुमची तारीख आठ दिवस पुढे सरकेल का, विचारून बघा. फार नाही, आठच दिवस.

तुमची वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

सरकवली. एकोणीस एप्रिल. खिडकीतल्या मुलीने तोंड वाकडं केलं. मीही जन्मभर तेच केलं. लोक यायचे, बाई, तारीख पुढची द्या, घरी पाहुणे आहेत, मुलाची परीक्षा आहे, आज मन धजत नाही. मी प्रत्येकाला एक भाषण ठोकायची. आता ते भाषण मला तोंडपाठ ऐकवलं तिने, माझ्याच आवाजात. आम्ही दोघी हसलो.

जिना चढायला मात्र वेळ लागतो. मधल्या वळणावर खालच्या शिंप्याने एक खुर्ची ठेवली आहे, काही न विचारता. मी तिच्यावर बसते आणि पिशवीतलं सामान तपासत असल्याचं सोंग करते.

तू ये. एवढंच.

तुझी
नणंद


२३ मार्च

प्रिय वन्सं,

कसं लिहू कळत नाही. पुन्हा पुढे गेली. टिल्लू म्हणतो त्यांचं ठसे घ्यायचं यंत्र बिघडलंय. आता तीस एप्रिल.

मी रागावून म्हटलं, मला घेऊन चल तिथे, मी बोलते त्यांच्याशी. तो म्हणाला, आई, तिथे असं कुणाशी बोलता येत नाही. आणि नजर चुकवून नातीच्या बुटाची नाडी बांधत बसला. तिने बूट घातलेलेही नव्हते. कामाचा ताण असेल.

वन्सं, माझं ऐका. एकोणीसला ऑपरेशन करून घ्या. माझी वाट बघू नका. खालच्या शिंप्याला सांगा, त्या खिडकीतल्या मुलीला सांगा, कुणीतरी बाकावर बसेल. मी कागद मिळाला की येतेच आहे, तुमच्या पुढच्या दिवसांत मी लागेनच ना?

तुमची वहिनी


३ एप्रिल

वहिनी,

मी जन्मभर तारखा दिल्या आहेत. एकदा तारीख बदलली तर ती कार्यालयाची अडचण असते, हे मी मानते. दुसऱ्यांदा बदलली की ती बाहेरून, खिडकीबाहेरच्या माणसाने, बदललेली असते. कारणंही तीच, गर्दी आहे, यंत्र बिघडलं आहे. खिडकीच्या आतल्या माणसाला ही कारणं ऐकून ऐकून पाठ असतात.

तुला यायचं नसेल तर तसं सरळ लिही. तिथे नात आहे, तळं आहे, नवीन उशी आहे. नणंदेच्या उशाशी बसायला एवढ्या लांब कोण येतं? मला वाईट वाटेल, पण समजेल. फसवलेलं मात्र समजणार नाही.

मी एकोणीसचीही तारीख सोडली आहे. आता नवीन घेणार नाही. डॉक्टर चिडले आहेत. चिडू देत.

नणंद


१४ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी आधी रडले, मग इतकी संतापले की भांडी घासताना एक बशी फोडली. मला यायचं नाही? मला?

आणि मग तुमचं ते वाक्य डोक्यात घुमायला लागलं, की दुसऱ्यांदा तारीख बाहेरून बदलते. मी तर बदलली नव्हती.

शेजारीणबाईंची सुट्टी होती. त्यांना म्हटलं, मला त्या ठशांच्या केंद्रात घेऊन चला. मोडक्यातोडक्या भाषेत मी आणि मोडक्यातोडक्या हातवाऱ्यांत त्या, असं आमचं जुळतं. अजून गारठा आहे, त्यामुळे त्यांनी माझाच कोट घातला होता. दोन बसा बदलून गेलो. एका दुकानांच्या रांगेत, चष्म्याच्या दुकानाशेजारी आहे ते केंद्र. आत निळ्या खुर्च्या, आणि लोक आपापले कागद छातीशी धरून बसलेले. अगदी तुमच्या हॉस्पिटलासारखंच. काउंटरवरच्या बाईंना मी माझ्या अर्जाचा नंबर दिला. त्यांनी बघितलं आणि सांगितलं की यंत्र कधीच बिघडलेलं नाही, दोन्ही वेळा तारीख बदलायची विनंती आमच्याच घरून आली होती. आणि पुढे असंही म्हणाल्या, की आता आणखी एकदा बदललीत तर अर्जच बंद होईल.

येताना बसमध्ये शेजारीणबाईंनी माझा हात धरून ठेवला होता.

टिल्लू घरी आला तेव्हा मी दारातच उभी होते. सुनेला म्हटलं, नातीला घेऊन खाली जा. तिला काय ते समजलं असावं, ती लगेच गेली. मी त्याला विचारलं, तारखा तू बदलल्यास? तो बॅग न उतरवताच भिंतीला टेकून उभा राहिला. लहानपणी काच फोडून यायचा ना, तसा. म्हणाला, हो.

मी विचारलं, का रे? माझ्यावाचून नातीचं अडतं म्हणून?

तो म्हणाला, "तू कोट दिलास, आई. परत येणारं माणूस कोट देऊन टाकत नाही."

वन्सं, त्याचं खरं होतं. तुमच्यापासून काय लपवू? कोट देताना मनात तेच होतं, की आता जायचं आणि तिकडेच राहायचं. मी हे कुणाला बोलले नव्हते, स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. आणि पोराने ते एका कोटावरून ओळखलं. तो म्हणाला, बाबांना निरोप देताही आला नाही, आता तुलाही विमानतळावर हात हलवून घालवायचं आणि परत दिसणार नाहीस, हे मला जमेना. म्हणून नुसतं थोडं लांबवत होतो. थोडं थोडं.

मग मी तुमची शपथ मोडली. सांगून टाकलं सगळं, झडप, छाती, रिकामा बाक, तुम्ही सोडलेल्या तारखा. त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. तो तुम्हाला वेगळं लिहितो आहे, याच पाकिटात. मला रागवा. त्याला रागवू नका.

तुमची वहिनी


१४ एप्रिल

आत्या,

काय लिहू? फोनवर हे माझ्याच्याने बोलवणार नाही. तू तिकडे जिन्यात बसत होतीस आणि मी इकडे एक बटण दाबून तुझं ऑपरेशन पुढे ढकलत होतो. मला माहीत नव्हतं, हे खरं आहे, पण ते म्हणून सुटका होत नाही.

मी येऊ का? रजा मागतो. मिळाली नाही तरी येतो.

तू म्हणशील येऊ नकोस. तर मग एवढं कर. डॉक्टरांकडून एक पत्र घे, ऑपरेशन किती तातडीचं आहे आणि सोबतीला आई का हवी ते लिहिलेलं. हॉस्पिटलातून मला ईमेल करायला सांग. ते दाखवलं तर केंद्रात तीस तारखेच्या आधी ठसे घेतात, त्याला तारीख बदलणं धरत नाहीत, आणि कागदही लवकर देतात, मी चौकशी केली आहे. आणि नवीन तारीख घे. आजच घे.

आईला आता मी थांबवणार नाही. ती परत आली नाही तरी.

तुझा
टिल्लू


२४ एप्रिल

प्रिय वहिनी आणि गाढव टिल्लू,

एकच पत्र दोघांना लिहिते, दोघं एका माळेचे मणी आहात.

वहिनी, तुला खोटारडी ठरवलं त्याबद्दल कान धरते. तुझी फुटलेली बशी माझ्या खात्यावर. पण मला आणखी एक सांगायचं आहे. तू कोट दिलास हे पहिल्याच पत्रात वाचून मला काय वाटलं माहितीये? आनंद झाला. मी मनात म्हटलं, आता ही राहते, आता ही माझीच. तेव्हा टिल्लूला एकट्याला लबाड म्हणता येणार नाही. तुला धरून ठेवायला मीही बसलेच होते, फक्त दुसऱ्या टोकाला.

टिल्लू, येऊ नकोस. रागाने नाही म्हणत. तू आलास तर मला वाटेल की मी मरायला टेकले आहे. तू तिथे आपलं काम कर, पोरीच्या बुटाच्या नाड्या बांध, बूट घातल्यावर बांध. आणि बाबांना निरोप देता आला नाही असं आईला म्हणालास, तर ऐक. शेवटच्या सकाळी दादाने मला विचारलं होतं, टिल्लूने खाल्लं का? मी म्हटलं, खाल्लं, बाहेर बसलाय. बरं, म्हणाला आणि झोपला. तू बाहेर आहेस हे त्याला माहीत होतं. त्याचा निरोप घेऊन झाला होता, तुझा राहिला. हे तुला आधीच सांगायला हवं होतं, पण सांगताना मला रडू येईल म्हणून टाळत राहिले. आपल्या घरात सगळे लांबवणारेच.

डॉक्टरांचं पत्र खिडकीतल्या मुलीने तुला पाठवलं असेल. तारीख घेतली आहे, चार जून. ही मी बदलणार नाही, वहिनी आली तरी आणि नाही आली तरी. ती बाकावर असली तर बरं वाटेल, नसली तर खालचा शिंपी बसणार आहे. तो म्हणतो, मी काजं करत बसेन, माझा वेळ जाईल.

तुमची
आत्या आणि नणंद


२ मे

प्रिय वन्सं,

ठसे दिले! डॉक्टरांचं पत्र बघून त्यांनी तीस एप्रिलच्या आधीच, दोन दिवसांत बोलावलं. टिल्लूने रजा काढली आणि स्वतः घेऊन गेला. काउंटरवर त्याच बाई होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. टिल्लूचे कान लाल झाले.

ठसे घेणारा एक तरुण होता, हातमोजे घातलेला. माझी बोटं कोरडी, काचेवर उमटेनात. त्याने ओल्या रुमालाने एकेक बोट पुसलं, धरलं, हलकेच दाबलं. उजवा अंगठा तीनदा घ्यावा लागला. घर पुसून पुसून गुळगुळीत झालाय तो. स्क्रीनवर माझ्या बोटांच्या रेघा मोठ्या होऊन दिसत होत्या, आणि मी बघतच राहिले. एवढ्या बारीक रेघा मी बरोबर घेऊन फिरते आणि मला पत्ताच नाही. फोटो मात्र चोरासारखा आलाय.

बाहेर आल्यावर टिल्लू म्हणाला, झालं, आई. आणि चष्म्याच्या दुकानासमोर, भर फुटपाथवर, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. सहा फूट उंच झालाय, त्याला चांगलंच वाकावं लागलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. कागदाची वाट बघते आहे.

तुमची वहिनी


८ जून

प्रिय टिल्लू,

फोनवर सगळं कळलंच आहे तुला, तरी लिहिते. तुझ्या आत्याची सवय लागली.

मी तीन तारखेला संध्याकाळी पोचले तेव्हा ती जिन्यातल्या त्या खुर्चीवर बसलेली होती. मला बघून म्हणाली, "उशीर केलास." मग आम्ही दोघी जिन्यातच बसून राहिलो, ती खुर्चीवर आणि मी पायरीवर. शिंपी वर येऊन माझी बॅग घेऊन गेला.

चार तारखेला मी बाकावर होते. शेजारी शिंपीही होता, काजं करत. मी त्याला म्हटलं की आता मी आले आहे, तुम्ही जा. तो म्हणाला, मी कबूल केलंय. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, झडप छान मिटते आहे. शिंप्याने सुई खाली ठेवली आणि डोळे पुसले. मला वाटतं, आत्याबद्दल आपल्याला सगळंच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला नीट शुद्ध आली. माझा हात चाचपून बघितला, एकेक बोट धरून. म्हणाली, यांचेच ठसे घेतले का? मी म्हटलं, यांचेच. मग म्हणाली, टिल्लूला लिही की बाक रिकामा नव्हता.

आज ती चार पावलं चालली. सावकाश बरी होईल. ती आपल्या पायांनी, मध्ये न बसता पूर्ण जिना चढेपर्यंत मी इथे आहे. त्यानंतर नाही. ती स्वतःच म्हणते की तुला माझ्यापाशी बांधून ठेवायचं नाही, टिल्लूने तेवढं करून बघितलं आणि त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. पुढच्या वर्षी तिलाच तुझ्याकडे यायचं आहे, ते तळं बघायला. तिलाही ठसे द्यावे लागतील असं ऐकते. तिची तारीख तूच घे, पण हात जागेवर ठेव.

आणि एक काम आहे. शेजारीणबाईंकडे जा आणि माझा कोट परत माग. थोडं लाजिरवाणं होईल, तरी माग. त्यांच्यासाठी सुनेबरोबर जाऊन एक नवा घे, माझ्यापेक्षा चांगला घे. माझा तो घरी आणून दाराजवळच्या खुंटीला लाव. वरचं बटण सैल झालंय, ते तसंच राहू दे. थंडी पडायच्या आत मी येते आणि लावते.

तुझी
आई